थंडीची भिंत आणि दक्षिण समुद्रातला राजखेकडा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांच्या मनात बोनस, महागाई किंवा फार तर नवे कामगार कायदे असे काहीतरी असावे. आम्ही उत्तरी ‘खेकडा’ असे कळवले. त्यावर त्यांचे दुसरे पत्र आले, की विषय लिहिताना काही नजरचूक तर झालेली नाही ना? नजरचूक झालेली नाही. आज आम्ही खेकड्यावरच बोलणार आहोत. मात्र तो आपल्या बाजारातला नव्हे. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकाच्या समुद्रात, हजार-हजार मीटर खोल अंधारात राहणाऱ्या एका खेकड्याची ही हकिकत आहे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, कोश उशाशी घेऊन. तेव्हा प्राणिशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच म्हणावा लागेल. आमचे इतकेच म्हणणे, की या विषयाकडे आम्ही हौसेने गेलो नाही, कामाने गेलो. गेली तीस वर्षे आम्ही बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे यांतल्या हमालांची संघटना चालवत आलो. माशांच्या शीतगृहात उणे १८ अंशांची थंडी असते. तिथे पाठीवर खोके घेऊन माणूस दिवसातून चाळीस वेळा आत-बाहेर करतो. बोटे बधिर होतात, पावले अडखळतात, डोके जड होते. या माणसांना गरम कोट आणि हातमोजे मिळावेत एवढी आमची मागणी होती. मालक म्हणत, थंडीने काय होते ते दाखवा. म्हणून आम्ही थंडी आणि शरीर यांवर मिळेल ते वाचू लागलो. त्या वाचनात एके रात्री हा खेकडा आडवा आला, आणि खेकड्याच्या स्वभावाप्रमाणे त्याने जे धरले ते सोडले नाही.

आधी प्राण्याची ओळख करून देतो. इंग्रजीत याला किंग क्रॅब म्हणतात; आपण राजखेकडा म्हणू. याच्या पुष्कळ जाती आहेत. आपल्या कथेतल्या जातीचे शास्त्रीय नाव निओलिथोडिस याल्डविनी. रंग तांबडा, अंगभर लांब काटे आणि पाय कोळ्यासारखे लांबलचक. आपल्या कोकणातल्या चिंबोरीला नांग्या सोडून पायांच्या चार जोड्या दिसतात. याला तीनच दिसतात. उरलेली जोडी बारीक होऊन कल्ल्यांच्या पोकळीत दडलेली असते, आणि तिचा उपयोग कल्ले झाडूनपुसून साफ ठेवण्याकडे होतो. याचे पोटही सरळ नसते, एका अंगाला कललेले असते. हा वाकडेपणा कुठून आला? समुद्रकिनाऱ्यावर रिकाम्या शंखात शिरून राहणारा खेकडा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. शंख वळणदार, म्हणून त्या खेकड्याचे पोटही वळलेले. राजखेकड्याचे पूर्वज हे असेच शंखात राहणारे होते. १९९२ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी दोघांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून हे नाते पक्के केले. म्हणजे आज ज्याला राजा म्हणतात त्याचा पणजोबा दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहत होता! घर सोडले तरी पोटाचा बाक गेला नाही.

आता याच्या मुलखाकडे वळू. अंटार्क्टिका खंडाभोवती समुद्रात बुडालेला जमिनीचा एक रुंद कट्टा आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण त्याला समुद्रबूड जमीन म्हणतो. या कट्ट्याच्या कडेला उतार लागतो, आणि उताराखाली अथांग खोल समुद्र. आपल्याकडे विहिरीत उतरावे तसे गार लागत जाते. अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाजवळ मात्र उलटा प्रकार आहे. वरचे पाणी बर्फामुळे जवळजवळ गोठणबिंदूला आलेले असते. समुद्राचे खारे पाणी उणे १.९ अंशांच्या सुमारास गोठते. खालून मात्र बाहेरच्या महासागराचे जरा ऊबदार पाणी वाहते. ऊबदार म्हणजे काय, तर शून्याच्या वर एक-दोन अंश. परंतु ज्याचा प्राण एका अंशावर टांगलेला असतो त्याला एक अंश पुष्कळ असतो.

खेकड्याचा प्राण असा टांगलेला का असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते अंगात साठले की गुंगी येते. समुद्रातले लहान प्राणी तपासण्यापूर्वी प्रयोगशाळेत त्यांना याच क्षाराने गुंगवतात. काही कवचधारी प्राणी रक्तातले मॅग्नेशियम बाहेर टाकून ते कमी ठेवू शकतात. खेकड्यांना हे काम नीट जमत नाही. पाणी कोमट असेपर्यंत त्यांचे निभावते. पाणी शून्याकडे गेले, की थंडी आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळून त्यांना जखडतात. पाय हलत नाहीत, हृदय मंदावते, कल्ल्यांवरून पाणी खेळत नाही. जर्मन शास्त्रज्ञांनी २००१ साली हा खुलासा पुढे मांडला. माणसाच्या अंगात असे घडत नाही, आपले रक्त गरम असते. तरीही हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर शीतगृहाच्या दारातून बाहेर येऊन, भिंतीला टेकून, हात काखेत घालून उभी राहिलेली माणसे आली. या विषयाशी आमची गाठ पडली ती तिथे.

तर अशी ही थंडीची भिंत. ती दगडाची नाही, पाण्याचीच आहे. पण खेकड्याला ती ओलांडवत नाही. राजखेकडे इतर खेकड्यांपेक्षा थंडीला काटक असतात, म्हणून ते उतारावर, खालच्या ऊबदार पाण्यात टिकतात. वरच्या कट्ट्यावर मात्र त्यांना जागा नव्हती. फार पूर्वी, अंटार्क्टिका थंड होण्याआधी, तिथल्या समुद्रात खेकडे नांदत होते. सेमूर बेटावरच्या खडकांत त्यांचे जीवाश्म सापडतात. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी पाणी थंडावू लागले आणि कवच फोडून खाणारी ही जमात कट्ट्यावरून नाहीशी झाली.

त्यानंतर कट्ट्यावर एक आगळी वस्ती वाढली. हळू चालणारे तारामासे, लांब बारीक भुजांचे त्यांचे भाऊबंद, इंग्रजीत ज्यांना सी अर्चिन म्हणतात ते काटेरी गोळे, पातळ कवचाचे शिंपले. चिमटा घेणारा कोणी नाही, म्हणून जाड कवचाचा खर्च नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर, संरक्षण असल्यामुळे ही मंडळी आयुधे टाकून राहिली. ती दुबळी होती असे नव्हे. त्या व्यवस्थेत ती उत्तम जगत होती. पण त्यांचे सारे जगणे त्या भिंतीच्या भरवशावर होते.

आता गोष्टीतला मुख्य प्रसंग. अंटार्क्टिका द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, अँव्हर्स बेटाच्या दक्षिणेस, याच कट्ट्यामध्ये एक खोल खड्डा आहे. त्याचे नाव पामर डीप. खोली चौदाशे मीटरांहून अधिक. २०१० साली हवाई विद्यापीठाचे क्रेग स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनी त्या खड्ड्यात कॅमेरा लावलेले, दोरीने बांधलेले, बिनमाणसाचे यंत्र सोडले. तळाशी त्यांना राजखेकडे चालताना दिसले. सुमारे २ किलोमीटरच्या फेरीत सुमारे ४० खेकडे. त्यावरून हिशेब करून त्यांनी मांडले, की सबंध खड्ड्यात पंधरा लाखांवर खेकडे असावेत. आम्ही सभा भरवणारी माणसे आहोत. एका रांगेवरून मैदानातली गर्दी कशी मोजतात आणि वर्तमानपत्राला सांगताना ती कशी फुगते, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून हा आकडा आम्ही बारकाईने पाहिला. त्यांनी किती लांब, किती रुंद पट्टा पाहिला आणि खड्ड्याचे क्षेत्रफळ किती, हे सगळे उघड मांडलेले आहे. त्रैराशिक कोणीही करून पाहावे. आकडा अंदाजाचा आहे, पण लपवाछपवीचा नाही.

आणखी दोन गोष्टी त्यांना दिसल्या. एक, हे सारे खेकडे ८५० मीटरांच्या खालीच होते. तिथे पाणी १.४ अंशांहून ऊबदार होते. त्याच्या वर, जिथे पाणी अधिक थंड, तिथे एकही नाही. जणू कोणी रेघ मारून दिली होती. दुसरी, खेकड्यांनी तळाचा चिखल उकरून काढलेला होता, आणि जिथे ते होते तिथे तारामासे, काटेरी गोळे वगैरे मंडळी दिसली नाहीत. यंत्राने एक मादी वर आणली, तिच्याजवळ अंडी होती. म्हणजे वस्ती पाहुण्यांची नव्हे, घरे करून राहिलेल्यांची.

ही बातमी २०११–१२ मध्ये जगभर गेली, आणि तिच्यावर एकच शब्द चिकटला: आक्रमण. राजखेकड्यांची अंटार्क्टिकावर स्वारी! हिशेबही तसा होता. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात द्वीपकल्पावरची हवा सुमारे ३ अंशांनी तापली. त्याच्या पश्चिमेचे उन्हाळी पृष्ठजल १९५० नंतर १ अंशाहून अधिक तापले. तेव्हा स्मिथ यांच्या मंडळींचे अनुमान असे, की पूर्वी कट्ट्यावरचे पाणी ओलांडता येण्याजोगे नव्हते. अलीकडच्या काही दशकांत ऊबदार पाण्याच्या लोंढ्याबरोबर खेकड्यांची पिले वाहत आली आणि खड्ड्यात पडली.

इथे आम्हांला आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आमच्या मोठेपणाची नाही.

वीसएक वर्षांपूर्वी एका बंदराच्या गावी, एका शीतगृहात, आमच्या कायम हमालांनी तक्रार केली की बाहेरगावची नवी माणसे आत घुसवली आहेत आणि आमचे काम जात आहे. आम्ही मस्टर पाहिले. त्या माणसांची नावे त्यात नव्हती. आम्ही लगेच पत्रक काढले. त्यात ‘घुसखोर’ हा शब्द होता, आणि पत्रकाखाली सही आमची होती. चार दिवसांनी फाटकासमोरचा चहावाला आमच्याकडे आला. त्याने आपली उधारीची वही पुढे केली आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही ज्यांना नवे म्हणता ते नऊ वर्षे माझ्याकडे चहा पितात. ही नावे बघा.” नावे होती. नऊ वर्षांची, महिन्यागणिक. ठेकेदाराने त्यांना रात्रपाळीत ठेवले होते आणि मस्टरवर कधी चढवलेच नव्हते. रात्री आम्ही फाटकावर जात नव्हतो, म्हणून आम्हांला ती दिसली नव्हती. आमच्या नजरेला ती नवी होती, एवढेच.

पत्रक मागे घ्यायला आम्हांला दोन दिवस लागले. ते दोन दिवस का लागले, याची आजही लाज वाटते.

म्हणून २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध वाचला तेव्हा आम्ही ताठ होऊन बसलो. ह्यू ग्रिफिथ्स आणि ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी दक्षिण समुद्रातल्या खेकड्यांच्या जुन्यानव्या सगळ्या नोंदी एकत्र केल्या, आणि प्रश्न केला: हे आक्रमण आहे, की मुळातली चिवट वस्ती? त्यांनी दाखवले, की या प्रदेशात राजखेकड्यांच्या नोंदी काही कालपरवाच्या नाहीत. त्यांतल्या काही जाती तर इथल्याच, दुसरीकडे न आढळणाऱ्या. नोंदी वाढल्या त्या खोल पाण्यात कॅमेरे जाऊ लागले तशा वाढल्या. आमच्या खेकड्याचेच घ्या. याल्डविनी हे नाव त्याला २००६ साली मिळाले, न्यूझीलंडचे प्राणिशास्त्रज्ञ जॉन याल्डविन यांच्यावरून. आणि ते मिळाले रॉस समुद्रातल्या नमुन्यांवरून, जो अंटार्क्टिकाच्या दुसऱ्याच अंगाला आहे. त्याचा भाऊबंद पॅरालोमिस बर्स्टीनी याचे बारसे १९८८ सालचे. बारसे झाले त्या दिवशी मूल जन्मते असे कोणी म्हणत नाही. मस्टरवर नाव चढले त्या तारखेला माणूस गावात आला, असेही म्हणता येत नाही.

तर मग झाले, असे कोणी म्हणेल. खेकडे जुनेच आहेत, भीतीचे कारण नाही, घरी जा. बंधुभगिनींनो, नेमकी हीच दुसरी चूक आहे, आणि तीही आम्ही जवळून पाहिलेली आहे. ती रात्रपाळीची माणसे घुसखोर नव्हती, हे सिद्ध झाले तेव्हा शीतगृहाच्या मालकांना फार आनंद झाला. म्हणाले, पाहा, तुमची तक्रारच खोटी होती. पण तक्रार खोटी नव्हती. कपात खरी होती. कायम माणसांच्या जागा वर्षानुवर्षे कमी होत होत्या. फक्त त्या कमी करणारा हात रात्रपाळीच्या हमालाचा नव्हता. आम्ही चुकलो ते गुन्हेगाराच्या नावात. गुन्हा झालाच नाही, असे त्यावरून ठरत नव्हते.

खेकड्याचेही असेच आहे. तो उतारावर जुना असेल, पण भिंत झिजते आहे हे खोटे नाही. २०१५ साली रिचर्ड अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्गरीट उपसागराबाहेरच्या उताराची पाहणी प्रसिद्ध केली. बोटीमागे ओढलेल्या कॅमेऱ्याने त्यांना बर्स्टीनी जातीचे राजखेकडे सुमारे ८४० मीटरांपासून २२०० मीटरांहून खोलवर भेटले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: इथून कट्ट्याच्या कडेपर्यंत चढायचे, तर वाटेत अडवणारे काय आहे? तळाचा चिखल? नाही. पाण्याचा खारेपणा? नाही. अन्न? तेही आहे. पाणी वरच्या बाजूला आणखी थोडे तापले, की वाटेत काही आडवे नाही. आणि कडेच्या पलीकडे, पातळ कवचाची ती निःशस्त्र वस्ती आहे. खेकडा वर चढला तर तो स्वारी करीत नसेल; खेकडा फक्त जिथे पाय हलतात तिथे जातो. दार त्याने उघडलेले नाही. दार उघडले ते धुराड्यांनी, आणि ती धुराडी खेकड्यांची नाहीत. त्यांतली काही, खरे सांगायचे तर, आमच्या आणि तुमच्या पोटापाण्याची आहेत. कोळशाच्या विजेवरच आमची शीतगृहे चालत आली. दोष देताना आपण हे विसरू नये, एवढ्यासाठी सांगितले.

या प्राण्याची मासळी म्हणूनही कोणाला आठवण झाली असेल. झालेली आहे. १९९२ साली दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती एका अमेरिकन बोटीने राजखेकड्यांच्या दुसऱ्या काही जाती पिंजऱ्यांनी धरून पाहिल्या. पण तिथे मनाला येईल तितके धरता येत नाही. दक्षिण समुद्रातल्या जीवसंपत्तीच्या रक्षणासाठी राष्ट्रांचा एक आयोग आहे. त्याने ठरवून दिले, की माद्या सोडून द्यायच्या, ठराविक मापाखालचे नरही सोडून द्यायचे. बहुतेक पकड मापाखालची निघाली आणि तो धंदा फारसा फळला नाही. थंड पाण्यातला प्राणी सावकाश वाढतो, तो वर्षाच्या ताळेबंदात बसत नाही. भारत त्या आयोगाचा सभासद आहे. अंटार्क्टिकाचा मूळ करार १९५९ सालचा, आणि त्यात आपण १९८३ साली सामील झालो. त्याआधी दोन वर्षे, डिसेंबर १९८१ मध्ये, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली मोहीम निघाली, ती आपल्या शेजारच्या गोव्याहून. म्हणजे तो समुद्र आपल्याला अगदीच परका नाही. तिथल्या नियमांवर आपल्या देशाचेही मत नोंदले जाते, आणि देशाचे मत म्हणजे शेवटी या सभागृहात बसलेल्यांचे मत.

आता आवरते घेतो. चिटणिसांनी दिलेली वेळ संपत आली आहे आणि अध्यक्षांनी एकदा घड्याळाकडे पाहिलेही आहे.

या खेकड्याने आम्हांला जे शिकवले ते असे. कोणी नवा दिसला, तर तो नवा आला की आपले डोळे तिकडे नव्याने गेले, हे आधी तपासावे. वही मागावी. आपल्या मस्टरवर नाव नाही म्हणून माणूस नव्हता, किंवा प्राणी नव्हता, असे धरून चालू नये. आणि तपासाअंती तो जुना निघाला, तर तेवढ्याने समाधान मानून घरी जाऊ नये. भिंत कोण पाडतो आहे, हा प्रश्न तरीही उभाच राहतो. पहिली चूक दुबळ्याला छळते, दुसरी बलवानाला सोडून देते. आम्ही पहिली केली, दुसरी थोडक्यात टळली.

ती टळली ती त्या रात्रपाळीच्या माणसांमुळे. पत्रक मागे घेतल्यावर ती संघटनेत येतील असे आम्हांला वाटले नव्हते. पण आली. पहिल्या बैठकीत त्यांच्यातल्या एका वयस्क हमालाने एवढेच विचारले, “आमचे नाव आता कुठल्या वहीत लिहिणार?” आम्ही वही उघडली आणि लेखणी त्याच्याच हातात दिली. पुढे चौदा महिन्यांनी कोट आणि हातमोजे मिळाले, कायमवाल्यांना आणि त्यांनाही, एकाच मापाचे आणि एकाच कापडाचे. तोवर दोघेजण थंडीला कंटाळून काम सोडून गावी गेले होते. त्यांची नावे त्या वहीत अजून आहेत.